बापाचा ठिपका

गप्पी माशाच्या नराच्या अंगावरचा एखादा ठिपका वाय गुणसूत्रावरून येत असेल, तर तो त्याच्या झाडून सगळ्या मुलग्यांच्या अंगावर उतरतो आणि मुलीच्या अंगावर कधीच दिसत नाही. योहानेस श्मिट नावाच्या डॅनिश माणसाने हे १९२० साली दाखवलं. त्याने धरला होता पाठीवरच्या परावरचा काळा ठिपका. प्रयोगशाळा कोपनहेगनची कार्ल्सबर्ग, म्हणजे ते बिअरवालेच. (हाच तो श्मिट, ज्याने युरोपातल्या ईल माशांचं माहेर शोधायला अटलांटिक पालथा घातला आणि शेवटी सारगासो समुद्राशी पोचला.) त्याच्या पाठोपाठ ओय्विंद विंगेने गप्पींची घराणीच्या घराणी वाढवली आणि १९२७ मध्ये अठरा जनुकांचा हिशेब मांडला. कुठली फक्त वायवर राहतात, कुठली एक्सवरही सापडतात आणि कुठली, क्वचित का होईना, एकावरून दुसऱ्यावर जातात.

मला या शेवटच्या प्रकाराचं वेड लागलंय, आणि त्याला माझी नोकरी जबाबदार आहे.

मी ठाण्यात एका लॅबमध्ये गुणसूत्रं मोजते. लोकांना वाटतं मशीन मोजतं. मशीन फोटो काढतं, बाकी सगळं आपल्यालाच. हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त येतं, त्यातल्या पांढऱ्या पेशी ७२ तास ३७ अंशांवर वाढवायच्या. मग कोल्सेमिड घालून त्यांना विभाजनाच्या ऐन मध्यात थांबवायचं, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात टम्म फुगवायचं, मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये पक्कं करायचं आणि तो गढूळ थेंब थंड काचपट्टीवर वरून टाकायचा. थेंब पडतो, पेशी फुटते, गुणसूत्रं पसरतात. किती पसरतील ते हवेतल्या दमटपणावर. जुलैत ठाण्याची हवा कशी असते ते सांगायला नको. काचपट्टी वाळतच नाही आणि गुणसूत्रं अशी लांब पांगतात की कुठलं कुठल्या पेशीतलं ते कळेना. आमच्याकडे पावसाळ्यात थेंब टाकायच्या खोलीत एसी आणि डीह्युमिडिफायर दोन्ही लावून ठेवतात, आणि तरी एखादा दिवस हातचा जातोच. मग ट्रिप्सिन, मग जिम्सा हा रंग, मग आडव्या पट्ट्या उमटलेली शेहेचाळीस नगं स्क्रीनवर एकेक ओळखून जोडीजोडीने मांडायची. एक्स ऐटीत मध्यम उंचीचं. वाय बुटकं, एकवीस-बावीस नंबरच्या गुणसूत्रांच्या रांगेत खपून जाईल असं, आणि त्याचा खालचा भाग माणसागणिक कमीजास्त.

गर्भजलाच्या नमुन्यात तर हे एक्स-वाय दिसूनही न दिसल्यासारखं करायचं. रिपोर्टमध्ये लिंग लिहायचं नाही, बोलायचं नाही, चेहऱ्यावरही आणायचं नाही. भिंतीवर पाटी आहे, डोक्यावर गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा (पीसीपीएनडीटी) आहे, आणि तो असायलाच हवा. पण दिवसभर ज्या गोष्टीबद्दल तोंड उघडायची चोरी, तिच्याबद्दल संध्याकाळी कुठेतरी मोकळेपणी बोलावंसं वाटतं. माशांना पीसीपीएनडीटी लागू नाही.

मासे आमच्या विहिरीतले. नौपाड्यातली जुनी इमारत, मागे वापरात नसलेली विहीर, वर लोखंडी जाळी. डासांच्या अळ्या खायला म्हणून पालिकेच्या मलेरिया विभागाची माणसं त्यात गप्पी सोडून जातात. विहिरीतल्या माद्या मळकट, शेवाळी रंगाच्या. नर त्यांच्या निम्मे, पण नटलेले. कुणाला नारिंगी डाग, कुणाला निळसर चमक, आणि काहींना शेपटीच्या बुडाशी एक काळा ठिपका, जणू दृष्ट लागू नये म्हणून लावलेला. शेजारचा अकरावीतला पोरगा दोरीला बांधलेल्या चहाच्या गाळण्याने ते पकडून आणतो आणि आमच्या गॅलरीतल्या पांढऱ्या टबांत सोडतो. पांढरा टब अशासाठी की वरून बघताना ठिपका लगेच दिसतो.

त्याला मी पहिल्यांदा सांगितलं की गप्पीचीही गुणसूत्रं शेहेचाळीसच, तर म्हणाला, “काकू, मग आपण आणि गप्पी एकच का?” नाही रे बाबा. आकडा जुळला म्हणून नातं जुळत नाही. माणसाची शेहेचाळीस लहानमोठी, नाना आकारांची. गप्पीची बहुतेक सगळी एकाच छापाची, एका टोकाला आवळलेल्या काडीसारखी. त्यात बारावी जोडी एक्स-वायची, आणि माझ्या रोजच्या रंगाने रंगवली तर त्यातला वाय नुसत्या नजरेने ओळखणं कठीण. माणसाचा एक्स डीएनएच्या साधारण साडेपंधरा कोटी अक्षरांचा आणि वाय सुमारे सहा कोटींचा, डोळ्यांत भरावं असं अंतर. गप्पीत ते दोघं अजून भाऊ शोभतात.

आता जोडी जमण्याचं. अंडं किंवा शुक्राणू तयार होताना आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं गुणसूत्र एकमेकांना शोधतात, लांबीला लांबी लावून जुळतात, आणि मग कुठेतरी दोघांचेही धागे तुटून एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो. ही देवाणघेवाण पाठ्यपुस्तकात ‘विविधता यावी म्हणून’ एवढ्यावर उरकतात. तिचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती पकड असते. फुगडीत दोघी मागे रेलतात, एकमेकींपासून लांब जायला बघतात, आणि पडत नाहीत त्या केवळ धरलेल्या हातांमुळे; तसंच पेशी दोन्ही गुणसूत्रांना विरुद्ध बाजूंना ओढत असते आणि त्या एका गाठीमुळे ती ताठ, जागेवर राहतात, म्हणून वेळ आल्यावर एक इकडे आणि एक तिकडे नीट जातं. गाठच पडली नाही तर दोघं एकाच बाजूला जाऊ शकतात.

हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. माणसाच्या नरात एक्स आणि वायची ही गाठ जवळपास नेहमी एकाच छोट्या जागी पडते, शेंड्यावरच्या सुमारे सत्तावीस लाख अक्षरांच्या पट्ट्यात. बाकी लांबीभर दोघांचं एकमेकांशी काही जुळतच नाही. त्या पट्ट्यात गाठ चुकली की एक्स आणि वाय दोघं एकाच शुक्राणूत शिरतात, आणि वर्षांनी मूल होत नाही म्हणून एक जोडपं हिरव्या झाकणाची नळी घेऊन आमच्याकडे येतं, मोजणीत सत्तेचाळीस निघतात. या जादा एक्सच्या अवस्थेला क्लाइनफेल्टर म्हणतात, आणि तशा साधारण निम्म्या पुरुषांत जादाचा एक्स आईकडून नाही, बापाकडून आलेला असतो. आणि गाठ पडली, पण हातभर पलीकडे सरकून पडली, तर? नर घडवणारं एसआरवाय जनुक त्या पट्ट्याच्या सीमेला खेटून, वायच्या बाजूला बसलंय. गाठ सीमेपलीकडे गेली तर ते एक्सवर जाऊन बसतं आणि दोन एक्स असलेला पुरुष जन्माला येतो. अशा रिपोर्टमध्ये एक्सच्या शेंड्यावर एसआरवायचा चमकता ठिपका दिसतो. ज्या तपासणीत तो दिसतो तिचं नाव फिश. मी काही गंमत करत नाहीये.

तर गप्पी. नरात ठिपक्याचं जनुक वाय सोडून एक्सवर जातं ते फार क्वचित. माणसाचं उदाहरण डोक्यात असलं की पहिला संशय वायवर येतो: वाय झिजला असेल, उलटापालटा झाला असेल, एक्सशी जुळतच नसेल. पण गप्पीच्या नरात एक्स-वाय काही नुसते शेंडे धरून बसत नाहीत, लांबीच्या बऱ्याच मोठ्या भागात जुळतात. मग देवाणघेवाण का नाही?

कारण गप्पीच्या नरात गाठ पडते तीच मुळी टोकाला. फक्त एक्स-वायमध्ये नाही, तेवीसच्या तेवीस जोड्यांत. प्रत्येक जोडीत बहुतेक वेळा एकच गाठ, आणि तीही गुणसूत्राच्या मोकळ्या शेंड्याजवळ. मादीत तीच गाठ लांबीभर कुठेही पडू शकते. म्हणजे नरात गुणसूत्राचा शेंडा सोडला तर उरलेला सगळा भाग पिढीमागून पिढी एकगठ्ठा पुढे जातो. एडिंबराच्या रॉबर्टा बर्गेरो, डेबोरा चार्ल्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे मांडलं, आणि मला ते वाचून इतका आनंद झाला की मी डब्यातली पोळी हातात तशीच धरून सगळा लेख संपवला.

त्याआधी, २०१७ मध्ये, लंडनच्या एका गटाने वेगळं म्हटलं होतं. गप्पीच्या वायवर देवाणघेवाण टप्प्याटप्प्याने थांबत गेलीय, आणि जिथे नरांना रंग जास्त उपयोगी पडतो तिथे ती अधिक लांबवर थांबलीय. यामागे जुना, वजनदार विचार आहे. रोनाल्ड फिशरने १९३१ मध्येच तो मांडला होता: जे जनुक नराच्या फायद्याचं आणि मादीच्या तोट्याचं, ते नर घडवणाऱ्या जनुकाशी जितकं घट्ट चिकटेल तितकं बरं, म्हणून निवड त्या दोघांमधली देवाणघेवाण बंद पाडत जाईल. गप्पीला हे चपखल बसतं. भडक नर मादीला आवडतो आणि शिकाऱ्यालाही दिसतो. मादीला त्या रंगाचा उपयोग शून्य. विचार सुंदर आहे, वाद अजून मिटलेला नाही, आणि माझा कल एडिंबराकडे आहे. त्याचं कारण शास्त्रीय कमी, धंद्याचं जास्त. मला सवय शेहेचाळीसही बघायची. एकाच जोडीत काहीतरी विचित्र दिसलं म्हणून कुणी धावत आलं, तर मी आधी म्हणते, बाकीच्या बावीस दाखव. गप्पीच्या बाबतीत बाकीच्या बावीसही तेच करतायत. मग एकट्या वायला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करायचं?

याला मेडाकाची साक्ष आहे. मेडाका म्हणजे जपानच्या भातखाचरांतला बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा मासा. क्योटोच्या तात्सुओ आइदांनी त्यात रंगाचं जनुक वायवरून एक्सवर आणि उलट जाताना १९२१ मध्येच पकडलं होतं. लाल नर आणि पांढरी मादी घेतली की मुलगे लाल आणि मुली पांढऱ्या, पण फार क्वचित एखादी लाल मुलगी किंवा पांढरा मुलगा निघतो. नंतर लोकांनी मेडाकाच्या एक्स-वाय पिल्लांना मादीचं संप्रेरक देऊन त्यांच्या माद्या केल्या. गुणसूत्रं तीच, वाय तोच, फक्त ती आता अंडाशयात. आणि तिथे त्याच एक्स-वायमध्ये देवाणघेवाण मादीच्या पद्धतीने, जास्त होऊ लागली! म्हणजे हट्ट वायचा नव्हता. गाठ कुठे पडायची हे ते गुणसूत्र वृषणात आहे की अंडाशयात, यावर ठरत होतं. मला विचाराल तर सगळ्या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि ती एक्स-वायची चित्रं काढून शिकवताना हमखास राहून जाते.

माशांकडे बघितलं की आपल्या एक्स-वायचा तोरा उतरतो हे खरं. मेडाकातलं नर घडवणारं जनुक २००२ मध्ये सापडलं, ते आपल्या एसआरवायपेक्षा निराळंच. जपानी लोक जिवावर उदार होऊन खातात तो विषारी मासा फुगू, त्याच्या एक्स आणि वायमध्ये नर-मादी ठरवणारा फरक एका अक्षराचा आहे. एका! २०१२ मध्ये ते दाखवलं गेलं. आजूबाजूला दोघं खुशाल देवाणघेवाण करतात, ते एक अक्षर इकडून तिकडे गेलं की त्याच्याबरोबर वायपणही गेलं. प्लॅटी नावाच्या माशात एक्स, वाय आणि वर डब्ल्यू अशी तीन-तीन लिंगगुणसूत्रं एकाच जातीत नांदतात. आणि आपल्या गंगेच्या मुलखातला झेब्राफिश, जो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला, त्याच्या प्रयोगशाळेतल्या घराण्यांनी लिंगगुणसूत्रच हरवलं. रानातल्यांत ते अजून आहे.

सासूबाई पेणकडच्या, त्यामुळे त्यांना यातलं काही सांगितलं की त्या जिताडा माशावर येतात. जिताड्याला एक्स-वायची भानगडच नाही. तो नर म्हणून मोठा होतो आणि काही वर्षांनी, अंगाने चांगला भरला की मादी होतो. म्हणून गाभोळी मिळते ती थोराड जिताड्यात. आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कोयता खाली ठेवून विचारलं, “मग त्याच्या घरात सासू कोण?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि तुकड्या करायला घेतल्या.

पुन्हा टबाकडे. ठिपका एक्सवर गेला तर दिसेल कसा, हा खरा पेच आहे. तो ज्या मुलीकडे जाईल तिच्या अंगावर तो उमटणारच नाही, कारण हे रंग नराच्या संप्रेरकाशिवाय फुलत नाहीत. त्रिनिदादच्या नद्यांत याचं उत्तम उदाहरण आहे. हॅस्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये लिहिलं की नदीच्या खालच्या अंगाला, जिथे गप्पी खाणारे मोठे मासे आहेत, तिथे रंगाची जनुकं जवळपास वायपुरती. वरच्या अंगाला, धबधब्यांच्या पलीकडे, जिथे शिकारी कमी, तिथे ती एक्सवरही मिळतात. हे कळायला माद्यांना टेस्टोस्टेरॉन द्यावं लागलं. दिल्यावर वरच्या अंगाच्या मळकट माद्यांवर रंग उमटले. मी घरी असलं काही करणार नाही. संप्रेरकाच्या बाटल्या आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत असावी, आणि आमच्या गॅलरीला ती नाही.

मग उरतं ते मुलग्यांकडून ओळखणं. ठिपक्याचा नर आणि बिनठिपक्याच्या घराण्यातली मादी. सगळे मुलगे ठिपक्याचे निघायला हवेत. एखादा बिनठिपक्याचा निघाला, तर बापाच्या वृषणात नर घडवणारी जागा आणि ठिपक्याची जागा यांच्या मधोमध गाठ पडली असं म्हणता येईल, आणि हरवलेला ठिपका कुठल्यातरी शुक्राणूतल्या एक्सवर गुपचूप बसला असेल.

असं म्हणता येईल, पण विहिरीतून आणलेल्या मादीबद्दल नाही. गप्पीची मादी एकदा मीलन झालं की शुक्राणू पोटात महिनोन्‌महिने जपून ठेवते आणि त्यावर एकामागून एक विणी काढते. विहिरीतून आलेली मादी म्हणजे कुणाकुणाचा ऐवज घेऊन आलेली, हे धरूनच चालायचं. तिच्या पोटी बिनठिपक्याचा मुलगा झाला तर त्यात देवाणघेवाण कसली, बाप दुसरा. म्हणून मादी मीलन न झालेलीच हवी, आणि त्यासाठी पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की भिंग घेऊन बसायचं. पोटाखालचा पर पंख्यासारखा पसरट राहिला आणि त्याच्यावरच्या बाजूला पोटात काळपट सावली दिसली की मादी. तोच पर लांबट, निमुळता व्हायला लागला की नर, तो लगेच वेगळ्या टबात. एक दिवसही उशीर नको. शेजारचा पोरगा यात माझ्यापेक्षा तयार झालाय. त्याला भिंगही लागत नाही, टब किंचित तिरका करून उजेडात धरतो आणि सांगतो, “काकू, हा गेला बघा दादांमध्ये.”

टबांवर मार्करने तारखा आहेत, जाळी घट्ट बसवलीय, कावळ्यांची सोय केलीय. बिल्डरची माणसं विहीर मोजून गेलीत, त्यामुळे जी घराणी हवीत ती आत्ताच वर आणून ठेवायची आहेत. देवाणघेवाण इतकी क्वचित होते की शेकडो मुलगे बघूनही काही हाती न लागण्याची शक्यताच जास्त, हे त्या पोरालाही सांगितलंय. बिनठिपक्याचा एक जरी निघाला तर इथे लिहीनच. पण त्याआधी त्याची आई लहानपणी कुठल्या टबात होती ते दोनदा तपासून.